डावी सीट

तेवीस वर्षं
पहाटे साडेपाचला विश्रामबागेतून निघायची ती,
पांढरी, एमएच दहा,
चोक ओढला की दोनदा खोकून मग तयार होणारी.
डाव्या सीटवर बर्फाचा डबा,
डब्यात नळ्या, लाल झाकणाच्या, जांभळ्या झाकणाच्या,
आणि वारणालीपासून वानलेसवाडीपर्यंत
चहा न घेता ताटकळलेली माणसं.
बेल मला कधी वाजवावी लागली नाही.
वसगडेकर काकू सायलेन्सर ऐकून
बाही वर करतच दार उघडायच्या.
म्हणायच्या, आली तुझी दमेकरी.

एकोणीसच्या पुरात स्टिअरिंगपर्यंत पाणी चढलं.
दिलावर मिस्त्रींनी सीटा उपसून
गच्चीवर मांडल्या, पापड वाळत घालावेत तशा.
महिन्यानं इंजिन बोललं.
वास मात्र राहिला.
नदी गावातून उतरली, गाडीतून नाही.
पुढं कितीतरी दिवस पेशंट विचारायचे,
म्हणजे हात हुंगून विचारायचे,
कुठली माती ओ ही?

ऋजुता पुण्याहून फोनवर एअरबॅगा मोजून दाखवायची.
सहा, आई. तुझ्या डबड्यात किती?
मी म्हणायचे, एक. मीच.
शेवटी हप्ता ठरला, रंग तिनं ठरवला.
शोरूममध्ये शाल, पेढा, चाकाखाली लिंबू,
आणि फोटोसाठी हातात
पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली.
खरी किल्ली कुठंच लावायची नव्हती.
खिशात असली की पुरे, म्हणाला पोरगा.
मला खिसा नाही, म्हटलं. साडी आहे.

जुनीला घ्यायला जतहून तायाप्पा सरगर आला,
मोटारी रिवाइंडिंग करतो म्हणाला.
साडीच्या दुकानाच्या पिशवीत अठरा हजार,
सगळ्या शंभराच्या.
कागद बघितले नाहीत त्यानं.
बॉनेटवर हात ठेवून विचारलं,
मॅडम, हिच्या खोडी काय असतील त्या सांगा.

मग मी सांगत बसले.
की उजवं दार उचलून लावायचं.
की काटा पाव दाखवतो तेव्हा टाकी रिकामी असते,
अर्धा दाखवतो तेव्हाही जरा शंकाच धर.
तिसरा गियर मागायचा नाही रे,
पाय दाबून थांबायचं, तो आपणहून येतो.
चढावर ती कुरकुरते, बंद पडत नाही.
बंद पडते ती सपाटीला, आणि कुणी बघत असेल तर हमखास.
तो मान हलवत होता,
चिठ्ठीवरचं औषध पाठ करावं तसा.

लेक सासरी धाडताना वगैरे
तसलं काही वाटलं नाही.
नोटा मोजून घेतल्या, दोनदा.
फक्त शंभर फुटीच्या वळणावर
तिसऱ्याचा खरखराट ऐकू आला.
थांबला नव्हता तो.
शिकेल.

नवीचा आवाजच नाही.
पहिल्या दिवशी वसगडेकर काकूंकडं
बेल वाजवली.
आतून विचारलं, कोण?
तेवीस वर्षांत पहिल्यांदा
दारात उभं राहून मी माझं नाव सांगितलं.

आणि परतताना ती ओरडायला लागली.
टिंग टिंग टिंग.
पडद्यावर लाल माणूस, शेजारी बसलेला,
पट्टा न लावलेला.
बर्फ, नळ्या, वर माझी पर्स,
वजन बघून तिला वाटलं कुणीतरी आहे.
खाली ठेवावा तर डबा हिंदकळतो,
रक्त फुटतं, रिपोर्ट चुकतो.
पुष्पराज चौकात कडेला घेतली.
आत अकरा जण होते,
नाव-वय लिहून, झाकण लावून, उपाशीपोटी.
तिचं तसं फार चुकत नव्हतं.

पट्टा ओढला, डब्यावरून घेतला,
खट्‌कन बसला.
गप्प झाली.

ही हिची पहिली खोड.
लक्षात ठेवायला हवी,
कधीतरी कुणाला तरी सांगावी लागेल.