निळं कास्थीचं, लाल हाडाचं

पिल्लू डिसेंबरात आलं, बुटांच्या खोक्यात,
जुन्या स्वेटरच्या बाहीत गुंडाळलेलं.
मोशीचे गव्हाणे दारातच थांबले.
"पगचं वेत आहे. पाचातलं हे एक.
दूध पाजलं की नाकातून येतं.
तुमच्या रजिस्टरात आमचं नाव नका घालू."

मी टॉर्च मारला.
टाळू असायला हवी तिथे लांबोडकी फट,
फटीतून दिसणारं नाकाचं ओलं गुलाबी छत.
चार दिवस नळीने पाजलं, दर दोन तासांनी.
पाचव्या पहाटे खोकं गार होतं.

मग माझं काम सुरू झालं.
(हे वाक्य म्हणताना अजून अडखळते.)

एक रंग कास्थी धरतो, एक हाड.
बाकीचं मांस हळूहळू पारदर्शक होतं,
तीन आठवडे, ग्लिसरीनच्या बरणीत,
आणि शेवटी उरतो
निळ्या-लाल रेघांचा एक बोटभर कुत्रा.

पुस्तकात कास्थी.
खडकीचा मटणवाला म्हणतो कुरकुरं हाड.
जबड्यात सगळ्यांआधी तीच येते,
भिंतीआधी परांची यावी तशी.
ती पुढे सरकली तर जीभ खाली उतरते,
आणि जिभेच्या दोन्ही अंगांना लोंबणारे
टाळूचे पडदे आडवे होऊन एकमेकांना गाठतात.
पाचव्या आठवड्यातली गोष्ट.
आई तेव्हा गार फरशीवर पसरलेली असते.

इथे कुठे अडलं?
जबडा तोकडा पडला, की पडदेच उशिरा उठले?
एका पिल्लावरून काही सिद्ध होत नाही.
वहीत तेवढंच लिहिलं.

हाड तयार झालं की परांची उतरते.
तिची मागची टोकं तेवढी टिकतात,
कानात जाऊन एक हातोडी होते, एक ऐरण.

हे निजामपूरकरला दाखवलं.
आमचा लॅब असिस्टंट, तांबट आळीतला.
भिंगाला डोळा लावून तो बराच वेळ उभा राहिला.
"मॅडम, आमच्या दादांच्या कानात हे असेल का हो शिल्लक?
चाळीस वर्षं बंब ठोकले त्यांनी.
आता घरात सगळं खुणेने."
"हाडं असतील," मी म्हणाले,
"मरतं ते त्याच्याही आतलं, केसाहून बारीक."
त्याने मान हलवली,
भिंग पुसलं, पुन्हा पुसलं.

मार्चमध्ये गव्हाण्यांचा फोन.
"तीच मादी आहे, परत गाभण. यंदा नीट होतील ना?"
"नर कोणता?"
"तोच. कप मिळालाय हो त्याला."
मी पुढचं शोधत राहिले. तेही काही बोलेनात.

तेवढ्यात त्यांच्याकडची बेल वाजली असावी.
मला नाही आली ऐकू.
तिला आली.
ती भुंकली.