नववा शब्द

किल्ली एलव्हिराकडे असते, बेकरीवाल्या.
ती आमच्यातली नाही, तरी दर सप्टेंबरात
कुलपात तेल तीच सोडते,
बाकांवरची धूळ पुसते आणि विचारते,
"या वर्षी किती जण?"
पावांचा हिशेब करायचा असतो तिला.
गोल पाव, बेदाणे घातलेले.

प्रार्थनेच्या पुस्तकात शरद ऋतू आहे.
बाहेर एन्त्रे रिओसमध्ये वसंत,
पीचला फुलं, गहू गुडघ्याएवढा,
आणि सफरचंदं शीतगृहातली, मार्चमध्ये तोडलेली,
साल जराशी सैल, म्हाताऱ्या व्होलोशिनच्या गालांसारखी.
मधात बुडवली की कळत नाही.
मध मात्र इथला, निलगिरीचा,
त्याला औषधाचा वास.
लहानपणी वाटायचं, नवं वर्ष म्हणजे
खोकला बरा होण्याचा दिवस.

आमच्यात माणसं मोजत नाहीत.
एक, दोन, तीन म्हणत बोट रोखलं
की दृष्ट लागते. कुणाची, ते कुणी सांगत नाही.
म्हणून दहा शब्दांचं एक जुनं वचन,
डोईमागे एक शब्द.
दोरा क्रासिन्स्की म्हणते ते, शाळेतल्या बाईंच्या आवाजात.
औषधांच्या दुकानातला बेर्नार्दो, त्याची बायको,
स्लुत्स्की बहिणी, एका शिवणयंत्रावरून
तीस वर्षं अबोला धरलेल्या,
पहाटेच्या बसने आलेला एक पोरगा
ज्याला अजून कुठे बसायचं समजत नाही,
व्होलोशिन, त्याचा मुलगा, दोरा स्वतः,
आणि शेवटी मी.

नववा शब्द माझ्या वाट्याला आला.
त्या भाषेत 'पर्यंत' आधी येतं
आणि कुठपर्यंत, ते नंतर.
दहावा शब्द आहे 'चिरकाल'.
दोरा 'पर्यंत'वर थांबली.
आम्ही दाराकडे पाहिलं.
दारात ऊन होतं, आणि एलव्हिराचा कुत्रा.

अकरा वाजेपर्यंत वाट पाहिली.

बाबांसाठीची प्रार्थना मी पाठ करत आले होते
गाडी चालवता चालवता, एकशे दहा किलोमीटर.
ती एकट्याने म्हणायची नसते,
दहा जणांत उभं राहून म्हणायची.
गेल्या वर्षी दहावे
बाबाच होते.

डेअरीची खातेवही चाळीस वर्षं लिहिली त्यांनी,
सगळी पेन्सिलीने.
म्हणायचे, शाईची घाई कशाला?
वरचासुद्धा आज नावं नुसती लिहून ठेवतो,
शिक्का मारतो दहा दिवसांनी.
तोवर खोडरबर चालतं.
त्यांच्या कानामागची पेन्सिल
दवाखान्यात नर्सने काढून माझ्या हातात दिली,
तेव्हा तिला टोक होतं.

शिंग फुंकायला मात्र दहा लागत नाहीत.
व्होलोशिनने नवी कवळी काढली,
रुमालात गुंडाळून मुलाच्या खिशात ठेवली.
पहिल्या फुंकीला नुसती हवा.
दुसरीला असा काही आवाज आला
की तो पोरगा हसला, आणि त्याच्यामागून
दोघी स्लुत्स्की, एकाच वेळी, आणि मग
एकमेकींकडे बघून गप्प झाल्या.
तिसरीला लागला.

लांब सूर. मग तुटके तीन.
मग हुंदके, बारीक बारीक, मोजता न येणारे.
खिडकीबाहेर कुंपणापलीकडच्या गाईंनी
माना वर केल्या.
कुणाचं तरी वासरू हरवलंय असं समजून
त्या आल्या, एकामागून एक,
तारेला छाती टेकून उभ्या राहिल्या.
तपकिरी, पांढऱ्या तोंडाच्या, तोंडात अर्धा घास.
एक हंबरली.
दोराने पान उलटलं.
कुणीही 'आमेन' म्हटलं नाही, म्हणायचं नव्हतंच,
पण मी थांबले, जरा जास्तच,
त्या गाईचं संपेपर्यंत.

कुलूप लावल्यावर एलव्हिराने पाव वाटले.
मला एक दिला, मग सवयीने दुसरा,
"हा नाउमसाठी," म्हणाली,
आणि तिचा हात हवेत तसाच राहिला.
मी घेतला.
शेजारच्या सीटवर ठेवला. अजून गरम होता.
पुलाआधीच्या वळणावर घसरायला लागला
तेव्हा गाडी बाजूला घेऊन
त्याला पट्टा लावला.