वाफसा

ऑफिस आमचं महामार्गाला लागून,
बियाण्याचं दुकान आणि दातांचा दवाखाना यांच्या मधे.
काउंटीत माणसं साडेतीन हजार,
आणि पडीक ठेवण्यासाठी सरकारनं भाड्यानं घेतलेली जमीन
एकेचाळीस हजार एकर.
माणशी किती गवत येतं,
हा हिशोब मी एकदा जेवणाच्या सुट्टीत केला होता.

करार दहा वर्षांचा.
नांगरायचं नाही, पेरायचं नाही,
पाखरं घरट्यात असतात त्या महिन्यांत
गवत कापायचंसुद्धा नाही.
ऑक्टोबरात खात्यावर पैसे.
कॅफेत लोक म्हणतात, काही न करण्याचा पगार.
म्हणणाऱ्याच्या खिशातही तोच चेक असतो.
मी कॉफी ढवळत राहते.
माती उडाली ती यांच्या आजोबांच्या वेळी;
ताटं पालथी मांडायचे म्हणे टेबलावर,
वाढेपर्यंत.

ल्युमिर कुचेरानं दोन्ही करारांवर
माझ्यासमोर सही केली.
दुसऱ्या वेळी कागद वाचलासुद्धा नाही,
नुसतं विचारलं, पेन परत द्यायचं का.
उताराची जमीन, वाळूची,
दर पावसात ओढ्याकडे निघालेली.
आता थांबली आहे.
कमरेएवढं गवत, त्यात रानकोंबड्या.
एप्रिलच्या पहाटे नर घुमतात,
रिकाम्या बाटलीच्या तोंडावर
कोणी फुंकर घालावी तसे.

यंदा मे महिन्यात विमानातून काढलेले फोटो आले.
शेत क्रमांक सातशे बारा,
गवतात एक काळी रेघ.
मला वाटलं पडद्यावर केस चिकटलाय.
बोटानं पुसला. गेला नाही.

मग पाहणी. नियमच आहे.
ल्युमिर फाटकापाशी उभा, टोपी हातात,
जणू मी कोणाच्या मयताला आले होते.
चालत गेलो. बोलण्यासारखं काही नव्हतं.
एकच तास.
या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत,
दोरी धरल्यासारखा सरळ.

“काय पेरलं?”
“काही नाही.”
“मग?”
त्यानं वाकून ढेकूळ उचललं,
अंगठ्यानं फोडलं.
“वाफसा होता,” म्हणाला.
आणि बऱ्याच वेळानं,
“एकोणीस वर्षं झाली, मार्व्हा.
तो दरवर्षी येतो
आणि मी घरात बसून असतो.”

वाफशाला आमच्या फॉर्मात रकाना नाही.
मी टेप काढली. दुसरं टोक घेऊन तोच चालत गेला,
आपल्याच गुन्ह्याचं माप चुकू नये म्हणून
दोनदा ताणून धरलं.
तेराशे वीस फूट.
अहवालात लिहिलं, तास एक.
एकोणीस वर्षांत तेवढाच.

दंड बसला दोनशे अठरा डॉलर,
गवताचं बी पुन्हा टाकायचा खर्च वेगळा.
पत्र मीच टाइप केलं.
त्यातला ‘खेद’ साहेबांनी खोडला.
ल्युमिरनं रोख आणून दिले,
नोटा सगळ्या एका बाजूला तोंड करून लावलेल्या.

जुलैत त्या रस्त्यानं गाडी घेतली, काम नसताना.
तासातलं बी उगवून आलेलं, पोपटी,
जुन्या गवतात लांबूनही ओळखू येणारं.
फाटकात कोणी नव्हतं.
शेडचं दार मात्र उघडं,
आत नांगराचा फाळ
पुसून, तेल लावून
भिंतीला टेकवलेला.

करार संपायला दहा महिने आहेत.
फाळाला तेल लावू नये
असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.
परत येऊन मी वाचून पाहिला.