चार मिनिटं सतरा सेकंद

तिसऱ्या रेल्वे गेटाला फाटक पडलं की
डॉक्टर मुनवळ्ळी गाडीत बसून बोलायला लागतात.
मागे रिक्षांचे हॉर्न, कुणीतरी भाजक्या शेंगा विकतंय,
आणि मधेच एखाद्या बाईचं पोट, आतडं, रक्तदाब,
भरभर,
स्वल्पविरामाशिवाय.

रात्री मी कानात बोंडं घालून
पायाखालचं पेडल दाबते. मागे. पुन्हा मागे.
त्यांचे हायपर आणि हायपो
एका घरातल्या जुळ्या पोरांसारखे,
एकाला हाक मारली की दोघं येतात.
मग मी गोळीचं नाव बघते, डोस बघते,
आणि ठरवते कुणाला आत घ्यायचं.

इलियम दोन आहेत.
ई लिहिला तर आतडं,
आय लिहिला तर कमरेचं हाड.
पहिल्याच महिन्यात मी एका हाडाला
अल्सर दिला होता.
होनगेकर बाईंनी लाल काही केलं नाही,
खुर्ची ओढून जवळ बसल्या फक्त,
म्हणाल्या, "बघ की, हाड जेवतं काय?"

रिपोर्टच्या माथ्यावर गावाचं नाव आपोआप येतं.
जुन्या फायलींत एक, नव्या फायलींत दुसरं.
त्याचं स्पेलिंग तपासायला
माझ्याकडे कुणी दिलेलं नाही.
मी खालचं बघते.

आजची फाईल बाळव्वाची.
वय अडुसष्ट, राहणार यमकनमर्डी,
मेंदूचा झटका, दुसरा दिवस.
आणि चार मिनिटं सतरा सेकंदांवर
नेमकी मिरजेकडची गाडी आली.
शिट्टीत डॉक्टरांचं एक व्यंजन गेलं.
पेशंट हॅज डिस्फे… या.

ज असेल तर तिला गिळता येत नाही.
झ असेल तर तिला बोलता येत नाही.
झटक्यानंतर दोन्ही होतं.
डिक्शनरीत दोन्ही आहेत,
कॉम्प्युटर दोघांच्याही खाली लाल रेघ ओढत नाही,
त्याच्या लेखी दोन्ही बायका ठणठणीत.

अकरा वेळा ऐकलं.
(घरी मी 'ऐकलो' म्हणते. बाई असून.
पुण्याच्या वहिनी एकदा ताटावर हसल्या होत्या,
"जेवलो काय गं, जेवले म्हण."
तेव्हापासून पाहुण्यांत
घासाआधी क्रियापद गिळते मी.)

नियम आहे : अंदाज करायचा नाही.
जागा रिकामी ठेवायची, वेळ लिहायची, पुढं जायचं.
ठेवली. लिहिली.
पुढं जाता येईना.
कारण उजाडल्यावर वॉर्डात चहा फिरतो,
आणि रिकाम्या जागेला कुणी
चहा पाजू नका म्हणून सांगत नाही.

रात्रीचे अडीच. डॉक्टरांचा फोन बंद.
वॉर्डचा लागला.
सिस्टर सावक्का, आवाज अर्धा कन्नड, अर्धा झोपेत :
"बाळव्वा? माताडताळ की, छलो माताडताळ!
सुनेला शिव्या देती रात्रभर.
नीर नुंगाक आगवल्दु."

पाणी गिळवत नाही.

ज.
टाईप केला. शेजारी लिहिलं :
वॉर्डात विचारून भरलं आहे, डॉक्टरांनी बघावं.
सावक्काला म्हटलं, सकाळचा चहा तेवढा थांबवा.
ती म्हणाली, कवाच थांबवलाय,
तुम्हांला आत्ता कळालं होय?

सहाला घरी आले.
आईनं दाराची कडी काढता काढता विचारलं,
रात्री जेवलीस काय?
"जेवलो," म्हटलं.
मग तांब्या उचलून उभ्यानंच पाणी प्यायले.
घोट घशातून उतरताना
बारीक आवाज होतो.
तो एकदाच ऐकला.