दार उघडलं, दार लागलं

इटलीत, बारी शहरात, तिसऱ्या मजल्यावर
सिन्योरा पीनांना कुशीवर वळवून झालं,
पायांत लोकरी मोजे,
गोळ्या दोन पांढऱ्या, अर्धी पिवळी.
मग लामारा स्वयंपाकघरात स्टुलावर बसते
आणि फोनमध्ये आपलं घर उघडते.

घर म्हणजे सहा चौकोन.
बॉयलर. पायरीवरचा दिवा. पंप. खोलीची ऊब.
तळघरातली ओल, जिथे मातीच्या रांजणांत
वाइन गळ्यापर्यंत पुरलेली.
आणि पुढचं दार.
सगळ्यांचा कारभार बघते एक पांढरी डबी,
साबणाच्या वडीएवढी,
मागच्या ईस्टरला तिनेच टीव्हीमागे बसवलेली,
जॉर्जियात, डोंगरातल्या गावात.

तिच्या भाषेत बापाला मामा म्हणतात.
इथल्या भाषेत आईला.
पहिल्या वर्षी याने तिला फार छळलं.

मामा सेवारिओन, वय एक्याऐंशी, ठार बहिरा.
"ऐकू येत नाही, तर फोन कानाला लावू कशाला?"
कॅमेऱ्याला साफ नाही म्हणाला:
"मी काय कोंबडीचोर आहे?"
डबीवर त्याने विणलेला रुमाल टाकलाय.
कधी चिडून प्लग उपटतो,
सहाही चौकोन राखाडी होतात,
हिच्या पोटात गोळा.
शेजारच्या त्सिसानाला फोन: जा गं, बघून ये.
"धडधाकट आहे. तुझी डबी काढून रेडिओ लावलाय."
बहिऱ्याने. रेडिओ.

नोव्हेंबरात नवीनच सुरू झालं.
पुढचं दार उघडलं, दोन चाळीस.
लागलं, दोन पंचावन्न.
रोज.
(इथे तेव्हा बाराला वीस कमी.)
गाय विकून दोन वर्षं झाली.
कुठे जातो मग? पायऱ्या तीन,
मधली हलते, वर बर्फ.

तिने दिव्यावर बोट ठेवलं.
चौकोन पिवळा झाला.
एवढंच. अडीच हजार किलोमीटरवर
उजेड पडला की नाही, कोण सांगणार?
दार लागलं, तीन पाच.
दहा मिनिटं जास्त.

मग रोज ती आधीच दिवा लावून ठेवू लागली,
आणि तो रोज थोडा जास्त वेळ बाहेर.
त्सिसाना म्हणाली, काही नाही गं,
पायरीवर बसतो, हात खिशात.

अकराव्या रात्री
दार उघडलं. लागलं.
उघडलं. लागलं.
उघडलं.
सेन्सर बिघडला, नाहीतर सेल संपला,
ती बॅटरीचा आकडा बघते: ब्याण्णव टक्के.
दार लागलं.
पुन्हा तेच, तीनदा, सावकाश,
दारावर थाप मारावी तसं,
फक्त आतून.

तिने दिवा विझवला. लावला.
विझवला. लावला.
पलीकडे दार उघडलं, लागलं.
लामारा एकटीच मोठ्याने हसली
आणि तोंडातून निघून गेलं: मामा!

आतल्या खोलीतून सिन्योरा, अर्धवट झोपेत:
"आहे गं, इथेच आहे.
काय हवंय तुला?"