दुसरा मनोरा

शुक्रवारी मोजमापाला येऊ नका, असं इनास सांक्रिस्तांवने
दोनदा बजावलं होतं. मी शुक्रवारीच आले.
म्हापशाच्या बाजारात, कपेलासमोर,
सरकारी तक्ता, पन्नास मीटरची टेप,
आणि टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नाही.
ते मग कुंभाराच्या पोराने धरलं,
एका हातात टेप, दुसऱ्यात मिरचीभजी.

दर्शनी भिंत अकरा मीटर चाळीस.
खांब सहा, सहाही खोटे:
लग्नाच्या फोटोतल्या मामांसारखे
छाती काढून उभे, डोक्यावर कशाचाच भार नाही.
गिलावा पडला तिथे चिरा दिसतो,
सच्छिद्र, तांबूस, अर्धी ढेप गूळ.

खिडक्यांना काच नाही. शिंपल्याच्या चकत्या,
घासून घासून पातळ केलेल्या,
उजेड आत येतो तो ताकाच्या निवळीसारखा.
एक चकती फुटली, तिथे कुणीतरी
एक्स-रेचा तुकडा कापून बसवलाय.
कुणाच्या तरी मनगटाची हाडं
सकाळी दहाच्या सुमाराला
आल्ताराच्या पायरीवर पडतात.

उत्तरेला मनोरा, त्यात घंटा.
दक्षिणेला मनोरा नाही.
दाते आहेत फक्त, एकाआड एक पुढे काढलेले चिरे,
पुढचं बांधकाम गुंतवायला सोडलेले.
गवंडी जेवायला गेला असावा
आणि येतो म्हणाला असावा.

वीज पडली, असं कुणी सांगतं.
दोघा भावांचं बिनसलं, असं कुणी.
इनासकडे वाळवी लागलेली वही आहे,
तो बोट ठेवून पोर्तुगीज वाचतो, मग मला सांगतो:
"चुना संपला. पाऊस लागला."
पुढच्या पानावर मेणबत्त्या बारा,
घंटेचा दोर एक, घुशीसाठी सापळा.
मनोऱ्याचं नाव परत नाही.

आता तारवावरून निवृत्त झालेला मिनीन
पैसे द्यायला तयार आहे. नकाशाही झालाय,
म्हणून तर मी, म्हणून तर टेप.

नऊ वाजता आहे त्या मनोऱ्याची सावली
चौकभर लांब पडलेली असते.
तिच्यात अबोलीचे वळेसर, तांबडी भाजी,
पानांचे विडे. ऊन चढतं तशी सावली आखडते,
आणि बायका पाटल्या बुडाखाली धरूनच
तिच्यामागे सरकत जातात,
न बोलता, न भांडता, वीतवीतभर.
सोपोवाला उल्हास तिथे पाच रुपये जास्त घेतो.
पावतीवर सावली असं लिहीत नाही.

आणि दक्षिणेकडे, जिथे मनोरा नाही,
तिथे मडकी, कोयते,
कुस्तोदीनचं सुकं बांगड्यांचं फडकं
आणि हरमलची शेवंती, मिरच्या पसरून.
मी टेप तिच्या मिरच्यांवरून नेली तेव्हा
ती म्हणाली, "बाय, काय बांधतात गो हांगा?"
सांगितलं.
तिने वर पाहिलं, त्या दात्यांकडे,
मग खाली, मिरच्यांकडे.
"मग माझं ऊन खंय पडतलें?"

मी उत्तर शोधत होते.
कुंभाराच्या पोराने टेप सोडून दिली,
ती सळसळत माझ्याकडे धावत आली
आणि अंगठ्याला लागली.

तक्त्यात शेवटचा रकाना: बांधकामाची स्थिती.
जीर्ण / अपूर्ण / पूर्ण, लागू नसेल ते खोडा.
अंगठा चोखत मी "जीर्ण" खोडलं.
मग थोडा वेळ बसले, शेवंतीच्या बाजूलाच, उन्हात.
"अपूर्ण" खोडलं.

साहेब तक्ता परत पाठवतील. लाल शाईत
प्रश्नचिन्ह घालतील, मला ठाऊक आहे.
पाव किलो मिरच्या घेतल्या.
तिने वर मूठभर घातल्या, गरम होत्या अजून.