झुल्मिरा पोस्टरं फेकत नाही

एकेचाळीस मतांनी पडलो.
मोजणी संपली तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते.
शेवटची पेटी औषधशास्त्राची,
तिथे माझ्या ओळखीचं कुणी नाही
हे ठाऊक होतं मला,
तरी त्या पेटीकडे मी
ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसल्यासारखा बघत राहिलो.

मोंदेगोवर धुकं होतं.
काळा झगा डोक्यावरून घेऊन घरी आलो,
म्हणजे कुणी ओळखू नये,
आणि ओळखायला रस्त्यात कुणी नव्हतंच.

आमच्या घरात आम्ही तेरा जण:
भाडं एकत्र, भांडण एकत्र,
कोण भांडी घासणार यावर दर रविवारी मतदान.
स्वयंपाकघरात दिवा होता.
झुल्मिराने काही विचारलं नाही.
सूप पुन्हा चुलीवर ठेवलं,
बटाटा, कोबीची दोऱ्यासारखी चिरलेली हिरवी पानं,
सॉसेजची एकच चकती.
मग म्हणाली, "अकरा अध्यक्षांना जेवू घातलंय मी.
जिंकून आलेला प्रत्येक जण
बोलता बोलता सूप गार करतो.
तू ऊन ऊन खा."

चमचा घ्यायला खण ओढला
तर काट्यांखाली पेद्रोसो हसत होता,
नऊ वर्षांपूर्वीचा. फी रद्द, असं लिहिलेलं
आणि 'रद्द'वर लोणचटलेला डाग.
त्याच्याखाली बेनेदिता. तिच्याखाली
कुणाचं तरी नुसतं कपाळ.
"कागद चांगला असतो निवडणुकीचा," ती म्हणाली,
"पाणी धरत नाही."
माझी पोस्टरं तिने आधीच
मापात कापून ठेवली होती.

सकाळी मनोऱ्यावरची शेळी ओरडली.
शेळी म्हणजे घंटा. या शहरात तिला शेळीच म्हणतात,
तीनशे वर्षं पोरांना वर्गात हाकलते
आणि तीनशे वर्षं पोरं कूस बदलतात.

"तुला जाहीरनामा लिहिता येतो ना,"
झुल्मिरा दारात उभी, "मग अर्ज लिही.
एका पानात. 'आम्ही' नको.
'मी' लिही. 'मी, झुल्मिरा, वय एकाहत्तर.'"

कंबरमोड पायऱ्यांना कठडा हवा.
एवढंच.
मी तीन परिच्छेद लिहिले,
तिने दोन खोडले.

नगरसभेत नागरिकांची पाळी सगळ्यात शेवटी,
तोवर अर्ध्या खुर्च्या जेवायला गेलेल्या.
चौथ्या रांगेत ग्रासियानो, आता चष्मा, आता पोट,
आमच्याच घरातला, सातवा अध्यक्ष.
तीन मिनिटं होती तिला.
अर्ज तिने उघडलाच नाही.
"ग्रासियानो," म्हणाली,
"तू कोबी ताटाच्या कडेला काढायचास.
मी काही बोलले नाही कधी.
आता नऊ वर्षं मी कठडा मागतेय
आणि तुम्ही तो कडेला काढताय."

सभागृह हसलं. ग्रासियानोही हसला,
मग हसणं थांबवून त्याने काहीतरी लिहून घेतलं.
अध्यक्षबाई म्हणाल्या, नोंद घेतली आहे.
नोंद घेतली आहे हे वाक्य
मी माझ्या भाषणांत किती वेळा वापरलं होतं
ते परतीच्या वाटेवर मोजत होतो.
झुल्मिरा मोजत होती पायऱ्या.
दर वीस पायऱ्यांनी माझा दंड धरायची,
बोटं लसणाच्या वासाची, चिवट.

मे महिन्यात कठडा बसला.
लोखंडी, हिरवा, ओल्या रंगाची सूचना लावलेला.
चढताना डाव्या हाताला.
आणि झुल्मिराचा डावा हात
मनगटातून मोडून वाकडा जुळलेला,
त्यात भाकरीचा तुकडासुद्धा नीट धरवत नाही.

मला राग आला. पुन्हा अर्ज करू म्हणालो,
मोर्चा काढू, पुढच्या वर्षी उभा राहीन तेव्हा
हाच मुद्दा घेईन.

ती वळली, खाली तोंड करून उभी राहिली,
उजव्या हाताने कठडा पकडला.
दोन पायऱ्या उतरली. तिसरी.
"उतरताना कामाचा आहे," म्हणाली.
"चढायचं माझं मी बघते.
तू उभा राहणारच असशील
तर या खेपेला कागद जरा मोठा घे.
खालचा खण रुंद आहे."